घर पाडण्याआधी हिशेब मागू या!

गेल्या उन्हाळ्यात धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात बायांची बैठक होती. विषय घरकुलाचा. यादीत नावे लागलेल्या चौदा जणी देवळाच्या सावलीत बसल्या होत्या. घर बाईच्या नावावर किंवा नवराबायको दोघांच्या नावावर, हे आता योजनेतच लिहिलेले असते. त्यासाठी आपण किती वर्षे मोर्चे काढले, निवेदने दिली, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून त्या बैठकीला मी जरा आनंदातच गेले होते.

खर्चाचा अंदाज समजावून सांगायला एक तरुण अभियंता आला होता. खडी, वाळू, सिमेंट, सळई, विटा, मजुरी अशी एकेक ओळ तो वाचत होता. सगळे वाचून झाल्यावर मागे बसलेली एक मावशी म्हणाली, "सायेब, माझं चार खणांचं माळवद हाय. सागाच्या तुळया हायत्या, सासऱ्याच्या बापानं घातलेल्या. दोन हात रुंदीच्या भिती हायत्या. ते समदं पाडायचं म्हनता, मग त्याचं काय धरलं ह्या कागदावर?"

त्याने कागद उलटसुलट पाहिला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मावशी, जुन्या घराची किंमत शून्य धरतात. तशी ओळच नाही यात."

ही "ओळच नाही" माझ्या डोक्यातून जाईना. शून्य धरणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बाईच्या घरकामाची किंमत शून्य. शेतातल्या तिच्या राबण्याची किंमत बांधापर्यंत, सातबाऱ्यावर शून्य. ज्याची ओळ कागदावर नसते ते बिनबोभाट पाडता येते, वापरता येते, फेकता येते. म्हणून आज मी एका अशा हिशेबाबद्दल लिहिणार आहे जो वरवर पाहता आपल्या चळवळीचा वाटणार नाही. तो हिशेब आहे इमारतीच्या संपूर्ण आयुष्यातल्या कार्बनचा.

कार्बनचे आपल्याला काय?

खरे सांगते, हा शब्द ऐकला की मीही कान बंद करून घेत असे. परिषदांमध्ये, मोठ्या हॉटेलांत बसून बोलण्याची ती भाषा. आपल्यापुढे मारहाणीची प्रकरणे, पोटगीच्या तारखा, रेशनकार्डातली नावे. त्यात हा कार्बन कोणी घुसवला? पण मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत स्वयंपाक करणाऱ्या बाईला हवामानबदल कोणी शिकवावा लागत नाही. पाऊस चुकला की हंडा तिच्याच डोक्यावर चढतो. ऊन वाढले की चुलीपुढे तीच होरपळते. ज्या धुराने हे सगळे बिघडले त्याचा एक मोठा वाटा घरे आणि इमारतींचा आहे. जगभर ऊर्जा वापरातून आणि कारखानदारीच्या प्रक्रियांतून जो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो, त्यातला एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग इमारती बांधणे आणि वापरणे यातून येतो. एकट्या सिमेंटचा वाटा सात ते आठ टक्के आहे. आणि सिमेंट बनवण्यात चीनच्या खालोखाल जगात आपला देश आहे.

आता संपूर्ण आयुष्याचा हिशेब म्हणजे काय ते पाहू. आपण घराचा धूर म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे चूल, दिवे, पंखा येतो. तो झाला वापरातला कार्बन. पण घर उभे राहण्याआधीच कितीतरी धूर होऊन गेलेला असतो. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजतात. त्यासाठी कोळसा जळतो हे तर आहेच, पण खुद्द त्या दगडातूनही हा वायू सुटतो. सिमेंटच्या एकूण कार्बनमधला निम्म्याहून अधिक भाग असा दगडातून येतो. म्हणजे भट्टी उद्या सूर्यावर चालवली तरी तो थांबणार नाही. सळईसाठी लोखंड वितळवावे लागते. विटांसाठी भट्टी पेटते. मग ट्रक आणि मिक्सर. हा झाला बांधणीतला कार्बन. त्यापुढे घराचे आयुष्य सुरू होते. गिलावा पडतो, स्लॅब गळतो, दुरुस्ती होते, खिडक्या बदलतात. शेवटी एक दिवस घर पाडतात, राडारोडा वाहून नेतात. या सगळ्याची, दगड खाणीतून निघाल्यापासून राडारोडा खड्ड्यात पडेपर्यंतची बेरीज म्हणजे संपूर्ण आयुष्यातला कार्बन. युरोपात २०११ साली याच्या मोजणीचे टप्पे ठरवणारे मानक आले. डेन्मार्कने २०२३ पासून हजार चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींना मर्यादाच घातली. दर चौरस मीटरमागे दर वर्षी १२ किलोहून अधिक नाही, आणि हिशेब पन्नास वर्षांच्या आयुष्याचा. २०२५ मध्ये ती मर्यादा आणखी कडक केली. आपल्याकडे ऊर्जाबचतीचे नियम आहेत, पण त्यांचा भर आजवर वापरातल्या विजेवर राहिला. बांधणीतल्या कार्बनचा हिशेब घरकुलाच्या कागदावर तर सोडाच, शहरातल्या चाळीस मजली मनोऱ्याच्या कागदावरही सक्तीचा नाही.

फळ्यावरचा हिशेब

पुढच्या शिबिरात आम्ही हा हिशेब फळ्यावर मांडून पाहिला. गटातल्या एकीचा भाऊ मिस्त्री आहे. पंचवीस चौरस मीटरचे, म्हणजे घरकुलाला किमान लागते तेवढे, विटांच्या भिंती आणि वर स्लॅब असे घर घेतले. तो म्हणाला, साधारण ८० पोती सिमेंट, ४०० किलो सळई आणि ७००० विटा धरा.

पन्नास किलोचे पोते म्हणजे ८० पोत्यांचे ४ टन सिमेंट. राख मिसळलेले नेहमीचे सिमेंट धरले तर एका किलोमागे साधारण ६०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे सुमारे अडीच टन. आपल्या देशातले पोलाद एका टनाला सरासरी अडीच टन वायू सोडते. म्हणजे ४०० किलो सळईचा एक टन. एक वीट भाजायला साधारण २०० ग्रॅम कोळसा धरला तर ७००० विटांना चौदाशे किलो कोळसा, त्याचा सुमारे दोन टन चारशे किलो वायू. एकूण सहा टनांच्या आसपास. वाहतूक वेगळी. हे सगळे घरात पहिला दिवा लागण्याआधी!

आता वापर. दोन पंखे, चार दिवे, टीव्ही. महिन्याला ५० युनिट. वर्षाला ६००. आपल्या देशातली वीज एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम वायू सोडते, कारण ती अजून मुख्यतः कोळशाची आहे. म्हणजे वर्षाला ४२० किलो. सहा टनांना ४२० ने भागले तर चौदा वर्षे येतात. गरीब बाईच्या घरात चौदा वर्षे जेवढी वीज जळेल, तेवढा कार्बन ते घर बांधतानाच उडून गेला.

हा आकडा पाहून शिबिरात शांतता पसरली. पंखा जास्त वेळ लावला म्हणून जिला घरात बोलणी बसतात ती एक जण म्हणाली, "म्हंजी आमच्या पंख्यानं न्हाई बुडालं जग!" सगळ्या हसल्या. पण ती बोलली ते खरे आहे. वीज वाचवा, दिवे मालवा हा उपदेश नेहमी घरातल्या बाईला केला जातो. बांधणीतल्या कार्बनचा निर्णय मात्र तिला कधी विचारला जात नाही. तो ठेकेदार, अभियंता आणि घरातले पुरुष मिळून घेतात.

मग आम्ही दुसरा हिशेब मांडला. त्या मावशीचे माळवद पाडले नाही, नीट मजबूत केले तर? मिस्त्रीच्या अंदाजाने १५ पोती सिमेंट आणि १०० किलो सळई. म्हणजे पाऊण टनाच्या आत. सहा टन कुठे आणि पाऊण टन कुठे! हे आकडे ढोबळ आहेत, घराघराला बदलतील. पण आठपट फरक ढोबळपणाने पुसला जात नाही.

तिसरी गोष्ट आयुष्याची. सहा टनांचे घर साठ वर्षे टिकले तर वर्षाला शंभर किलो पडतात. तेच घर वाईट वाळू, कमी पाणी, घाईचे काम यामुळे वीस वर्षांत गळू लागले आणि पाडावे लागले तर वर्षाला तीनशे. म्हणून चांगले बांधणे, पाणी मारणे, वेळेवर दुरुस्ती करणे हाही कार्बन कमी करण्याचाच मार्ग आहे. आणि ठेकेदाराने काम कसे केले यावर नजर ठेवणाऱ्या बाया हे त्यातले सर्वांत स्वस्त यंत्र आहे!

किल्लारीने काय शिकवले

इथे काही मैत्रिणी मला अडवतील. "तू पुन्हा दगडमातीच्या घरांत राहायला सांगतेस? किल्लारी विसरलीस का?"

नाही विसरले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. चार वाजायच्या सुमाराला जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादमधली सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यातली बहुतेक आपल्याच घरांखाली गाडली गेली. मी तेव्हा मदतकार्याला गेलेल्या मुलींपैकी एक होते. दगडांखालून काढलेले पाळणे मी पाहिले आहेत. त्यानंतर त्या भागातल्या माणसांना दगडी भिंतीच्या आडोशाला झोप येईना, यात नवल ते काय?

पण मारले कशाने, हेही तेव्हाच तपासले गेले. भिंती जाड होत्या, पण आतली आणि बाहेरची दगडांची रांग एकमेकींत गुंतलेली नव्हती. मध्ये नुसता भराव. दोन्ही रांगा जोडणारे आरपार दगड नव्हते. माळवदावर वर्षानुवर्षे मातीचा थर चढत चढत हातभर, दीड हात झालेला. खाली लाकडी सांगाडा सैल. म्हणजे दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा आणि दुरुस्ती न करण्याचा होता. म्हणून पुनर्वसनाच्या कार्यक्रमात दोन वाटा ठेवल्या गेल्या. सर्वांत जास्त पडझड झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची, आणि बाकी हजारो गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे. आरपार दगड बसवणे, भिंतींना वरून सिमेंट-सळईचा पट्टा बांधणे, खांब-तुळयांना तिरपे आधार देणे, छतावरची माती कमी करणे, असे ते साधे उपाय.

त्या दुरुस्ती कार्यक्रमात महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने हे काम उभे केले. गावोगावी बाया भूकंपात तगणारी भिंत कशी असते ते समजून घेत होत्या आणि इतरांना समजावत होत्या. ज्यांना आयुष्यात कोणी घराबद्दल मत विचारले नव्हते, त्या मिस्त्रीला विचारू लागल्या, "आरपार दगड कुठाय?" २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा यातल्याच बाया तिथल्या बायांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या. आपल्या चळवळीच्या इतिहासातले हे पान आपण फार लवकर उलटले.

दुर्दैवाने बहुतेक घरांत दुरुस्तीच्या पैशातून जुने घर मजबूत झाले नाही. त्या रकमेत लोकांनी शेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधली. जुने घर तसेच धोक्याचे राहिले, आणि बाई दिवसभर वावरत होती ती त्याच जुन्या घरात! भीती खरी होती, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार ही आहे की दुरुस्ती हे दुय्यम काम आणि नवे बांधणे हीच प्रगती, हा समज तेव्हा पक्का झाला तो आजतागायत. आज घरकुलाच्या कागदावर "जुने घर मजबूत करणे" हा पर्याय अभियंत्याला सुचतच नाही. तपासणी करून जे घर वाचण्यासारखे नाही ते पाडावेच. बाईच्या जिवापेक्षा कार्बन मोठा नाही. पण तपासणीच न करता पाडणे हे सुरक्षिततेच्या नावावर चाललेले आहे, सुरक्षितता नव्हे.

शून्य कार्बन आणि शून्य मजुरी

आता दुसऱ्या बाजूला वळते, कारण तिकडेही आपल्याला बोलायचे आहे. अलीकडे शहरातली काही शिकलेली मंडळी मातीच्या घरांच्या प्रेमात पडली आहेत. मातीचे घर थंड असते, कार्बन जवळजवळ नसतो, सुंदर दिसते. सगळे खरे. पण ती भिंत दरवर्षी लिंपते कोण? जमीन सारवते कोण? पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती पसरून चोपते कोण? माती खणायची, डोक्यावरून आणायची, भुसा-शेण घालून तुडवायची, ओल्या हातांनी भिंतीवर चढवायची. पाठ मोडते, हाताला भेगा पडतात, आणि वर दिवसाची मजुरी बुडते.

संपूर्ण आयुष्याच्या हिशेबात देखभालीचा टप्पा असतो. मातीच्या घरापुढे तिथे कार्बन जवळजवळ शून्य लिहिलेला दिसेल. तो शून्य येतो कारण सिमेंटच्या जागी बाईचा देह वापरला जातो, आणि देहाची मजुरी कोणी लिहीत नाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा बिनमोल घरकामाचा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आला. पुरुषांचा ८८. या २८९ मध्ये आणखी लिंपण-सारवण घालून आपण पृथ्वी वाचवणार असू, तर मला ते मंजूर नाही. त्या गावातलीच एक सून मला म्हणाली, "ताई, मला स्लॅब पायजे तो थाटासाठी न्हाई. मला दर साली माती वाहायची न्हाई, म्हनून पायजे." तिला मी कोणत्या तोंडाने कार्बन सांगू?

पण तीच सून पुढे म्हणाली की जाऊबाईंच्या स्लॅबच्या घरात चैत्र-वैशाखात रात्री आत झोपवत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर आग ओकतो. पुरुष अंगणात, पारावर झोपतात. बाई आणि वयात आलेली मुलगी आत. बाहेर झोपायची चोरी. म्हणजे मातीच्या घरात तिने राबायचे आणि सिमेंटच्या घरात तिने उकडायचे, हेच दोन पर्याय आहेत का?

नाहीत. पण तिसरा पर्याय शोधण्यासाठी हिशेबाच्या वहीत एकाऐवजी तीन रकाने हवेत. कार्बन किती, खर्च किती, आणि बाईचे श्रम व बाईचा उकाडा किती. पहिल्या दोन रकान्यांचे तज्ज्ञ बाहेर असतील. तिसऱ्याच्या तज्ज्ञ आपण आहोत.

हाच रकाना घर बांधणाऱ्या बायांसाठीही हवा. वीटभट्टीवर जोडप्याला हजार विटांमागे मजुरी मिळते, उचल नवऱ्याच्या नावावर असते. तिथे बाईचे हात शून्य. आपल्या घरकुलाच्या सात हजार विटांत कोणा एका बाईचा बाळंतपणानंतरचा पंधरावा दिवस भाजलेला असू शकतो. कोळशाचा धूर मोजणाऱ्या वहीत तो धूर गिळणारी बाई दिसली पाहिजे. असा नवा रकाना घालता येतो याचा पुरावा आहे. बांधकाम मजुरांच्या लढ्यातून १९९६ साली कायदा आला आणि मजुरांच्या कल्याणासाठी बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लागला. त्याआधी खर्चपत्रकात तशी ओळच नव्हती!

सिमेंट कोणासाठी?

आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कार्बनचे नाव पुढे करून उद्या कोणी गरिबाच्या स्लॅबवर बोट ठेवणार असेल तर आपण आडवे पडू. एका घरकुलाचे सिमेंट ८० पोती. शहरात एकेका इमारतीखाली दोन-तीन मजली तळघर नुसत्या गाड्या उभ्या करायला खोदतात, त्यात अशी किती घरकुले बसतील? मुंबई-पुण्यात तीस-चाळीस वर्षांच्या, दुरुस्तीने सहज टिकतील अशाही इमारती पुनर्विकासात पाडल्या जातात. २०१९ च्या शासन निर्णयानंतर सोसायटीतल्या ५१ टक्के सभासदांच्या संमतीवर ते होऊ शकते. कारण इमारत मोडकळीस आली हे नसते, वर जास्त मजले चढवता येतात हे असते. त्या जुन्या इमारतीत आधीच गुंतलेला कार्बन मातीमोल होतो आणि नवा कितीतरी पट हवेत जातो. वापरातली वीज वाचते म्हणून वर हिरवे प्रमाणपत्रही लागते. त्या प्रमाणपत्रात पाडलेल्या इमारतीची ओळ असते का, हे विचारायला हवे. मावशीच्या माळवदाचा शून्य आणि त्या इमारतीचा शून्य एकच आहे.

म्हणून माझे म्हणणे असे. जिच्या डोक्यावर पक्के छप्पर नाही तिचा सिमेंटवर पहिला हक्क आहे. हिशेबाची सक्ती वरून सुरू झाली पाहिजे. मोठ्या इमारती, सरकारी इमारती, पुनर्विकास आधी. खाली, गावात, हा हिशेब सक्तीचा नको. तो बाईच्या हातातले हत्यार म्हणून हवा. कारण कमी कार्बनचे घर बहुतेक वेळा कमी खर्चाचे आणि कमी तापणारेही असते.

काय करता येईल?

बऱ्याच गोष्टी आजही करता येतात. जुने घर पाडलेच तर दगड, तुळया, दारे-खिडक्या नव्या घरात वापरता येतात. पायाला आणि जोत्याला जुनाच काळा दगड चालतो. विटा कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडणारी बांधणी केली तर साधारण पाव हिस्सा विटा वाचतात, आणि पोकळीमुळे भिंत कमी तापते. भूकंपाच्या पट्ट्यात त्यालाही सळईचे पट्टे हवेतच. लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेला स्लॅब असतो, ज्यात खालच्या बाजूला काँक्रीटऐवजी जुनी कौले भरतात. सिमेंट वाचते, उकाडाही कमी होतो. सिमेंट घेताना राख किंवा पोलाद कारखान्यातली मळी मिसळलेले घ्यावे. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची भुकटी मिसळून भाजक्या दगडाचे प्रमाण निम्म्यावर आणणाऱ्या सिमेंटलाही २०२३ मध्ये भारतीय मानक मिळाले आहे. सरकारी कामात ते वापरा, अशी मागणी करता येईल. छताला पांढरा चुना किंवा पांढरा रंग दिला तर खोलीतला उकाडा उतरतो. अहमदाबादमध्ये महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांतल्या बायांबरोबर हे काम केले आहे. आणि जिथे मातीच्या भिंती ठेवायच्या तिथे बाहेरून चुन्याचा गिलावा, पुढे आलेली वळचण आणि दगडी जोते द्यावे, म्हणजे दरवर्षीचे लिंपण टळते. उरलेली देखभाल मजुरी देऊन करून घ्यावी. २०१६ साली घरकुल योजना सुरू झाली तेव्हा घर बांधण्यासाठी रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी जोडली गेली. नव्या बांधकामाला मजुरी देता येते तर जुने घर वाचवण्याच्या कामाला का नाही?

मैत्रिणींनो, प्रत्येक गटाने ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या सभेत पाच प्रश्न विचारावेत असे मी सुचवते. पाडण्याआधी जुन्या घराची तपासणी कोणी केली, आणि दुरुस्तीचा अंदाज कुठे आहे? नव्या बांधकामाला सिमेंट, सळई, विटा किती, आणि त्यात कपात कुठे करता येईल? हे घर किती वर्षे टिकेल असे धरले आहे, आणि देखभाल कोण, कोणत्या मजुरीवर करणार? उन्हाळ्यात दुपारी आणि रात्री आत राहणाऱ्या बाईला किती उकडेल? पाडल्यावर निघणारे दगड, लाकूड, माती कुठे जाणार? यातल्या एकाही प्रश्नाला यंत्र लागत नाही. वही आणि पेन्सिल पुरते.

त्या मावशीचे काय झाले, हे तुम्ही विचारालच. तिचे माळवद पूर्ण वाचले नाही. तपासणीत एक भिंत पोट काढून बाहेर आलेली निघाली, ती पाडावी लागली. पण गटाने आग्रह धरल्यावर अभियंता पुन्हा येऊन पाहून गेला. दोन खण मजबूत करून ठेवायचे, त्यांच्याच दगडांवर नव्या घराचे जोते घ्यायचे आणि सागाच्या तुळया नव्या ओसरीला लावायच्या, असे ठरले. सिमेंटची पोती ऐंशीवरून खाली आली. त्याच्या छापील कागदावर तशी ओळ नव्हतीच. त्याने खाली पेनाने एक ओळ ओढली आणि लिहिले, "जुन्या घराचे साहित्य."

ती ओळ छापील झाली पाहिजे. तिच्या शेजारी देखभालीच्या मजुरीची ओळ आली पाहिजे. पुढच्या शिबिराला येताना प्रत्येकीने आपल्या एका घराचा असा हिशेब मांडून आणावा. चुकला तरी चालेल, मिळून दुरुस्त करू.